टेराहर्ट्झ रिसीव्हर उड्डाणासाठी तयार करताना: आधी स्थिरता, मग संवेदनशीलता

प्रश्न थोडक्यात असा: हॉट इलेक्ट्रॉन बोलोमीटर मिक्सरवर चालणारा १.९ टेराहर्ट्झचा हेटरोडाइन रिसीव्हर प्रयोगशाळेत छान चालतो. (हेटरोडाइन म्हणजे आकाशातला संकेत आपल्याच स्रोताच्या, म्हणजे लोकल ऑसिलेटरच्या, ठरलेल्या वारंवारतेत मिसळून खालच्या वारंवारतेला, म्हणजे आयएफला, आणणारा. हे मिसळणे मिक्सरमध्ये, एका अतिथंड पट्ट्यात होते.) तोच विमानातल्या दुर्बिणीवर बसवायचा तर काय काय करावे लागते आणि नेमके कुठे फसते?

नॉइज टेम्परेचर (रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट, केल्विनमध्ये मोजलेला) शेवटच्या ५० केल्विनने खाली आणण्यापेक्षा रिसीव्हर स्थिर करण्यावर वेळ घालवा, हे माझे पहिले म्हणणे. हवेत गेल्यावर जे बिघडते त्यातले बहुतेक ‘संवेदनशीलता कमी पडली’ या प्रकारातले नसते. बेसलाइन (वर्णपटातली रेषेखालची पातळी) लाटांसारखी होते, बायस करंट (मिक्सरमधून सोडलेला प्रवाह) सरकत राहतो, क्रायोस्टॅट (मिक्सर थंड ठेवणारे भांडे) कलला की तापमान हलते, आणि दोन तासांचे निरीक्षण सरासरी काढूनही सुधारत नाही.

एवढा खटाटोप हवेत नेऊन का करायचा, हे माहीत असेलच. आयनित कार्बनची रेषा १९००.५३७ गिगाहर्ट्झला आणि अणुरूप ऑक्सिजनची ४७४४.७८ गिगाहर्ट्झला येते. पाण्याच्या वाफेमुळे जमिनीवरून, अगदी ५,००० मीटरवरच्या कोरड्या पठारावरूनही, त्या दिसत नाहीत. १२ ते १४ किलोमीटरवर डोक्यावर उरणारी वाफ मायक्रोमीटरांत मोजावी लागते. सोफिया हे विमान, म्हणजे २.५ मीटरची दुर्बीण बसवलेले बोइंग ७४७एसपी, २०२२ च्या सप्टेंबरात निवृत्त झाले. त्यावरचा ग्रेट हा जर्मन रिसीव्हर या कामाचा सर्वांत चांगला अभ्यासण्याजोगा नमुना. त्यानंतर हे काम बलूनवर झाले. नासाचे गस्टो ३१ डिसेंबर २०२३ रोजी अंटार्क्टिकाहून सुटले आणि ५७ दिवस उडाले. खालचे बरेचसे दोन्हींना लागू पडते. जिथे फक्त विमानाचा संबंध आहे तिथे तसे म्हटले आहे.

मिक्सर हाताळताना

नायोबियम नायट्राइडचा जो पट्टा मिक्सर म्हणून काम करतो त्याची जाडी काही नॅनोमीटर असते. तो सगळ्यात जास्त वेळा मरतो तो उड्डाणात नाही, तर केबल जोडताना. चालू स्थितीत त्यातून काही दहा मायक्रोअँपिअर वाहतात. हातातला साधा मल्टिमीटर ओहमच्या खालच्या रेंजवर सहज १ मिलिअँपिअर सोडतो. म्हणून मिक्सरच्या पिनांना मल्टिमीटर लावायचाच नाही. रोध मोजायचा तो बायस बॉक्समधूनच, १ मायक्रोअँपिअरच्या आसपासचा प्रवाह सोडून.

जोडणीचा क्रम ठरलेला असू द्या आणि तो क्रायोस्टॅटवरच चिकटवा. शॉर्टिंग प्लग (मिक्सरची दोन टोके जोडून ठेवणारा) जागेवर असताना क्रायोस्टॅट, बायस बॉक्स आणि मनगटपट्टी एकाच ग्राउंडला आणा. बायस बॉक्स चालू करून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करा. केबल जोडा. शॉर्ट सगळ्यात शेवटी काढा, तोही रोधातून, एकदम नाही. काढताना बरोबर उलटा क्रम. प्रत्येक जोडणीनंतर खोलीच्या तापमानाचा रोध वहीत लिहा. तो ओहम-दोन ओहमनी सरकू लागला की पट्ट्याला किंवा संपर्काला इजा होते आहे, हे उड्डाणाच्या आधीच कळते. विमानात हवा कोरडी असते आणि माणसे गालिच्यावरून चालत येतात. स्थिर विजेचा धोका तिथे प्रयोगशाळेपेक्षा जास्त.

वाय-फॅक्टरवर किती विश्वास ठेवायचा

लोड म्हणजे ठाऊक तापमानाचा शोषक. गरम लोड २९३ केल्विन, थंड लोड ७७ केल्विन, दोन्ही शक्तींचे गुणोत्तर (वाय) काढायचे आणि त्यातून नॉइज टेम्परेचर, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. टेराहर्ट्झमध्ये तिच्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला म्हणजे लोडचे भौतिक तापमान जसेच्या तसे घालणे. १.९ टेराहर्ट्झला एका फोटॉनची ऊर्जा तापमानात ९१ केल्विन होते, म्हणजे ७७ केल्विनच्या लोडपेक्षा जास्त. पुंज-परिणाम धरणाऱ्या कॅलन-वेल्टन सूत्राने पाहिले तर २९३ चे २९५.४ आणि ७७ चे ८५.८ होतात. वाय १.२३६५ आला, तर भौतिक तापमान घालून उत्तर ८३६ केल्विन येते आणि कॅलन-वेल्टनने ८००. दोन्ही आकडे दोन वेगळ्या व्याख्यांचे आहेत. कोणता वापरला ते लिहिले नाही तर दोन प्रयोगशाळांची तुलना निरर्थक. ४.७ टेराहर्ट्झला तर फोटॉनच २२८ केल्विनचा, तेव्हा ७७ चा लोड १२६ होतो आणि फरक डोळ्यांत भरण्याइतका वाढतो.

दुसरा खाचखळगा मोजमापाचा. वरच्याच उदाहरणात वाय म्हणजे ०.९२ डेसिबल. त्यात ०.१ डेसिबलची चूक झाली की उत्तर जवळजवळ १०० केल्विनने सरकते. गरम आणि थंड लोड यांमध्ये आरसा फिरायला पाच सेकंद लागत असतील आणि तेवढ्यात रिसीव्हरचा गेन (वर्धन) दोन टक्के हलत असेल, तर तुम्ही नॉइज टेम्परेचर नव्हे, गेनचा वारा मोजता आहात. लोड एका सेकंदाच्या आत बदला, निदान वीस फेऱ्या घ्या आणि फेऱ्यांमधला पसाराही नोंदवा. तो पसाराच पुढे कामाला येतो.

शिवाय गरम लोड समोर आला की मिक्सरचा बायस करंट स्वतःहून थोडा बदलतो, कारण लोडची रुंदपट्टी उष्णता पट्ट्यालाच तापवते. अँटेना जितकी रुंदपट्टी तितका हा परिणाम मोठा. दोन्ही लोडवर करंट वाचा. फरक दिसला तर थंड बाजूला अरुंद पट्टीचा फिल्टर लावा, नाहीतर आकाशाकडे पाहतानाचा गेन आणि लोडकडे पाहतानाचा गेन वेगळे राहतील आणि कॅलिब्रेशन कायम तिरके येईल.

टेबलावरच्या हवेचाही हिशेब धरा. १.९ टेराहर्ट्झला लोड आणि क्रायोस्टॅटची खिडकी यांच्यामधल्या दमट हवेतही शोषण जाणवते. लोकल ऑसिलेटर पाण्याच्या एखाद्या रेषेजवळ गेला की एकाएकी शक्ती कमी पडते आणि दोष डायोडला दिला जातो. मार्ग कोरड्या नायट्रोजनने भरून ठेवा. ४.७ टेराहर्ट्झसाठी नायट्रोजनवर भागत नाही असे धरून चला, मार्ग निर्वातच करा.

लोकल ऑसिलेटर

१.९ टेराहर्ट्झला शॉट्की डायोडची गुणक साखळी आणि ४.७ ला क्वांटम कॅस्केड लेझर ही आजची रूढ निवड. मिक्सरला प्रत्यक्ष लागते ते एका मायक्रोवॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण बीमस्प्लिटर (आकाश आणि लोकल ऑसिलेटर यांचे किरण एकत्र आणणारी फिल्म), खिडकी, सात पिक्सेलांत वाटप करणारी जाळी या सगळ्यांतून जाताना बहुतेक शक्ती वाटेतच संपते. म्हणून निदान दुप्पट शक्ती हाताशी ठेवा. नेमकी पुरेल एवढीच शक्ती असेल तर रिसीव्हर प्रत्येक तापमानबदलाला नाचतो.

लेझरच्या बाबतीत एक हिशेब आधीच करा. पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे रेषा वर्षभरात ±३० किलोमीटर प्रति सेकंद सरकते. १.९ टेराहर्ट्झला १ किलोमीटर प्रति सेकंद म्हणजे ६.३ मेगाहर्ट्झ, ४.७ ला १५.८. म्हणजे ४.७ ला नुसत्या पृथ्वीसाठी ±४७५ मेगाहर्ट्झ, त्यात तेजोमेघाची स्वतःची गती वेगळी. लेझर तेवढा सरकतो का, आणि सरकताना त्याची शक्ती किती बदलते, याचा तक्ता उड्डाणाआधी तयार हवा. मोकळ्या चालणाऱ्या लेझरची खरी वारंवारता वायूच्या सेलने तपासतात. हवेत आयते साधनही मिळते: वातावरणाच्या वरच्या थरातल्या अणुरूप ऑक्सिजनची अरुंद रेषा वर्णपटात दिसते, आणि ती कुठे असायला हवी हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

स्थिरता मोजणे

इथे घाई करू नका. गरम लोड समोर ठेवून अर्धा तास वर्णपट साठवा, एकेक सेकंदाचा किंवा त्याहून लहान, आणि सोबत त्याच घड्याळावर बायस करंट, मिक्सर ब्लॉकचे तापमान, लोकल ऑसिलेटरच्या खोक्याचे तापमान. त्यातून ॲलन व्हेरियन्सचा आलेख (सरासरीचा काळ वाढवला की चढउतार किती उरतात, ते दाखवणारा) काढा. नुसत्या गोंगाटाने उतार उणे एक असतो. जिथे तो वर वळतो तो काळ म्हणजे तुमची मुदत. एकूण शक्तीसाठी ती काही सेकंद निघते. वर्णपटीय मुदत, म्हणजे प्रत्येक वर्णपटातून पट्टीची सरासरी वजा केल्यानंतरची, बरीच जास्त असते आणि निरीक्षणाचे वेळापत्रक तिच्यावर बेतायचे. दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करताना त्यांनी किती मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर मोजले ते आधी पाहा. चॅनेल रुंद केला की मुदत घटते.

ही चाचणी टेबलावर एकदा करून भागत नाही. कूलर चालू, सेकंडरी आरशाचा चॉपर (स्रोत आणि रिकामे आकाश यांमध्ये तो आरसा हलवणारा) चालू, क्रायोस्टॅट कललेला, वीज विमानाच्या पद्धतीची, अशा प्रत्येक स्थितीत ती पुन्हा घ्या. बायस करंट आणि आयएफ शक्ती एकत्र हलत असतील तर दोष लोकल ऑसिलेटरच्या शक्तीत. करंट स्थिर असून शक्तीच हलत असेल तर ॲम्प्लिफायर, केबल किंवा कनेक्टर पाहा. ही एक विभागणी शोधाशोधीचे कितीतरी दिवस वाचवते.

लोकल ऑसिलेटर हलतो असे ठरले तर पहिला संशयित बीमस्प्लिटर. काही मायक्रोमीटर जाडीची मायलारची फिल्म चौकटीवर ताणलेली असते, आणि विमानाच्या घरघरीत ती तबल्याच्या पुडीसारखी थरथरते. तिच्याऐवजी तारजाळी वापरता आली तर वापरा. नाहीच तर चौकट लहान करा आणि ऑप्टिक्सचे खोके बंद ठेवा. करंट स्थिर ठेवण्यासाठी लोकल ऑसिलेटरच्या वाटेत फिरणारी तारजाळी लावून फीडबॅक देता येतो. चालतो तो, पण प्रत्येक हालचालीबरोबर परावर्तनही थोडे बदलते, हे लक्षात ठेवून त्याचा वेग मर्यादित ठेवा.

पल्स ट्यूब कूलरचा ठोका सुमारे १.४ हर्ट्झचा असतो आणि मिक्सर ब्लॉकचे तापमान त्या तालावर हलते. ब्लॉक आणि थंड टोक यांच्यामध्ये उष्णतेचा वेग कमी करणारा दुवा घाला म्हणजे ठोका दबतो. चॉपरची वारंवारता ठरवताना ठोक्याच्या पटी टाळा, नाहीतर ठोका नेमका ‘ऑन वजा ऑफ’ (स्रोत वजा रिकामे आकाश) मध्येच जमा होतो.

बेसलाइनवरच्या लाटा

लाटांचा आवर्तकाळ (वर्णपटातल्या दोन शिखरांमधले वारंवारतेचे अंतर) मोजला की गुन्हेगाराचा पत्ता बहुधा मिळतो. दोन परावर्तकांमधले अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले आवर्तकाळाची दुप्पट. २०० मेगाहर्ट्झची लाट दिसली तर ७५ सेंटिमीटरवरचे दोन पृष्ठभाग शोधा: लोकल ऑसिलेटरचा हॉर्न आणि मिक्सर, किंवा खिडकी आणि लोड. खिडकी दोन-तीन अंशांनी कलती ठेवणे हा सर्वांत स्वस्त इलाज. एक गिगाहर्ट्झच्या आसपासची पसरट, वेडीवाकडी लाट मात्र प्रकाशाची नसते. ती मिक्सर आणि थंड ॲम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या दहा-एक सेंटिमीटर केबलमधली असते. ०.५ ते ४ गिगाहर्ट्झ एवढ्या रुंद पट्टीसाठी चांगला आयसोलेटर (परतणारी लाट अडवणारा) मिळणे कठीण, म्हणून ॲम्प्लिफायर मिक्सरला शक्य तितका चिकटवून बसवा. ही लाट साइन आकाराची नसल्याने नुसती साइन वजा करून जात नाही. मिक्सरच्या बायस करंटनुसार ती आकार बदलते, तेव्हा एकाच करंटवरचे ऑन आणि ऑफ जोड्या लावून वजा करणे हाच खात्रीचा मार्ग.

आणि एक गोष्ट प्रयोगशाळेत कधीच दिसत नाही. तुमची आयएफ पट्टी म्हणजे विमानाच्या रेडिओंचीच पट्टी. ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झला उत्तर देतो, अंतर मोजणारे डीएमई ९६२ ते १२१३ मध्ये असते, उपग्रह दूरध्वनी १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास, वायफाय २.४ ला. रेषा आयएफमध्ये कुठे पडणार हे लोकल ऑसिलेटर सरकवून आपणच ठरवतो, तर ती १.०९ गिगाहर्ट्झवर पाडू नका. जमिनीवर असताना वायफाय चालू केलेला फोन आयएफ केबलच्या कडेकडेने फिरवा आणि स्पेक्ट्रोमीटरवर सुई उठते का पाहा. जिथे उठते तिथला कनेक्टर ढिला असतो किंवा केबलची जाळी तुटलेली. स्पॅनरने, ठरलेल्या टॉर्कने आवळा. बोटांनी आवळलेला कनेक्टर कंपनात सुटतोच.

बीम जुळवणे

सोफियाच्या नॅस्मिथ केंद्रावर, जिथे रिसीव्हर बसायचा, नाभीगुणोत्तर (नाभीअंतर भागिले आरशाचा व्यास) सुमारे १९.६ होते, म्हणजे किरणशंकूचा अर्धकोन १.४६ अंश. यावरून सहनसीमा लगेच कळते: रिसीव्हरचा बीम ०.१५ अंशाने तिरका गेला की सेकंडरी आरशावर तो त्रिज्येच्या दहा टक्क्यांनी सरकतो. नाभीतलावर १ मिलिमीटर म्हणजे आकाशात ४.२ आर्कसेकंद; १.९ टेराहर्ट्झला बीमच १४ आर्कसेकंदांचा, ४.७ ला सहा-साडेसहाचा. तेव्हा जागेपेक्षा कोन जुळवणे अवघड असते. लहान गरम स्रोत दोन वेगवेगळ्या अंतरांवरच्या प्रतलांत फिरवून बीमचे केंद्र काढा. दोन केंद्रांना जोडणारी रेषा हाच तुमचा कोन. एकाच प्रतलात मोजून समाधान मानू नका. दृश्य लेझरने केलेली जुळणी सुरुवातीपुरती ठीक. सिलिकॉन लेन्स आणि हॉर्न यांचा खरा बीम तिच्यावरून कळत नाही.

थंड झाल्यावर मिक्सरचा आधार आकसतो, त्यामुळे शेवटचे मोजमाप थंड स्थितीतलेच धरा.

थंडावा, दाब आणि कल

विमानातला रिसीव्हर दुर्बिणीला जोडलेला असतो आणि तिच्याबरोबर कलतो. सोफियाची दुर्बीण २० ते ६० अंशांत फिरायची, म्हणजे क्रायोस्टॅट मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे २० अंश कलायचा. पल्स ट्यूबचे थंड टोक सरळ खाली असते तेव्हा ती उत्तम चालते, फार कलली की आतला वायू फिरू लागतो आणि थंडावा उतरतो. बसवतानाच असा कोन निवडा की मधल्या उंचीवर ती उभी राहील. मग पाच-पाच अंशांनी कलवून प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबून तापमान नोंदवा.

द्रव हीलियमचा क्रायोस्टॅट असेल तर दाबाचा प्रश्न. केबिनचा दाब उड्डाणात साधारण ७५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. झडप केबिनमध्ये उघडी असेल तर हीलियम ४.२ वरून ३.९ केल्विनच्या आसपास येतो आणि तेवढ्यासाठी काही टक्के द्रव उडून जातो. मिक्सरचा चालू बिंदू त्याबरोबर सरकतो. निरपेक्ष दाब धरून ठेवणारी झडप लावली की हा सगळा प्रश्नच मिटतो. उतरताना उलटे होते: बाहेरचा दाब वाढतो, मानेतून हवा आत खेचली जाते आणि बर्फाचा बूच बसतो. म्हणून एकदिशा झडप आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन सुटकेचे मार्ग हवेतच. एक लिटर द्रव हीलियम खोलीच्या तापमानाला सुमारे ७५० लिटर वायू होतो. बंद केबिनमध्ये ऑक्सिजन मापक असलाच पाहिजे.

वीज आणि कागदपत्रे

विमानाची वीज ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची असते. ग्राउंडचे एखादे वेटोळे राहिले की ४०० हर्ट्झ थेट मिक्सरच्या बायसवर चढतो. प्रयोगशाळेतच ४०० हर्ट्झचा पुरवठा आणून तपासा, बायसला बॅटरी किंवा विलग पुरवठा द्या, ग्राउंड एकाच बिंदूवर करा. जमिनीवरच्या विजेवरून विमानाच्या विजेवर जाताना कॉम्प्रेसर क्षणभर बंद पडतो. मिक्सर किती मिनिटांत १० केल्विनच्या वर जातो आणि परत यायला किती लागतात, हे घड्याळ लावून माहीत करून घ्या.

कागदपत्रांना कमी लेखू नका, वेळ तिथेच जातो. अमेरिकी नियमांनुसार आणीबाणीच्या लँडिंगसाठी जोडण्यांनी पुढे ९ जी, खाली ६ जी, वर ३ जी सहन केले पाहिजे, आणि ते आकडेमोडीने दाखवावे लागते. प्रत्येक भार वाहणाऱ्या बोल्टचे प्रमाणपत्र, ठरलेला टॉर्क, सुटू नये म्हणून तार. पीव्हीसीची वायर चालत नाही, टेफ्लॉन किंवा तत्सम वापरा. ऑप्टिक्सचे खोके दुर्बिणीच्या पोकळीच्या बाजूला उघडे असेल तर ते खोकेच केबिनची दाबसीमा बनते आणि त्याची वेगळी दाबचाचणी लागते. हे यंत्राचा आराखडा काढतानाच ठरवा. तयार खोक्याला नंतर प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे बहुधा ते नव्याने बनवणे.

उड्डाणाच्या दिवशी

हवेत दुरुस्तीला वाव जवळजवळ नसतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलचे बायस, ॲटेन्युएटर आणि लोकल ऑसिलेटरची शक्ती यांचा तक्ता आधीच संगणकात ठेवा आणि ट्यूनिंग स्क्रिप्टने करा. स्पेक्ट्रोमीटरच्या आत जाणारी पातळी गरम लोडवर ठरवा, आकाशावर नाही. आकाशावर बेतली तर गरम लोड आला की डिजिटायझर दबतो. गरम-थंड-आकाश ही त्रयी दर काही मिनिटांनी घ्या आणि आकाशाच्या पातळीवरून वाफेचे प्रमाण काढत राहा. उंची बदलली की लगेच पुन्हा घ्या. मिक्सर दोन्ही साइडबँड (लोकल ऑसिलेटरच्या वरची आणि खालची पट्टी) ऐकतो, म्हणून संशयास्पद रेषा दिसली तर लोकल ऑसिलेटर थोडा सरकवा: खरी रेषा एका दिशेने जाते, प्रतिमा बाजूची उलट्या.

वेळेचा अंदाज बांधायला एक उदाहरण पुरे. सिस्टिम टेम्परेचर ३,००० केल्विन, चॅनेल १ किलोमीटर प्रति सेकंद, ऑन आणि ऑफ मिळून दहा मिनिटे: १.९ टेराहर्ट्झला गोंगाट सुमारे ०.१ केल्विन येतो. प्रत्यक्षात तुमचा आकडा याच्या दीडपट निघाला तर आणखी वेळ देऊ नका. आधी एकेक वर्णपट उघडून पाहा. बहुधा एखादा पिक्सेल किंवा काही मिनिटांचा तुकडाच वाईट असतो, आणि त्या वेळचा बायस करंट पाहिला की तो वेगळा काढता येतो.

उतरल्यावर ऑप्टिक्स लगेच उघडू नका. दुर्बिणीची पोकळी उणे ५० अंशांच्या आसपास गारठलेली असते, आणि दमट हवा लागताच आरशांवर व खिडकीवर पाणी धरते. कोरडा नायट्रोजन सोडत सगळे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग त्याच लोडवर त्याच बायसने वाय-फॅक्टर पुन्हा मोजा आणि उड्डाणाआधीच्या आकड्याशेजारी लिहा.